अकरा फेब्रुवारीचं टाचण

बर्लिन, २ सप्टेंबर २०२५

सर,

आधी बाबा लिहिलं होतं, खोडलं. शाळेत सर म्हणायचं आणि घरी बाबा, हा नियम तुमचाच. आणि हे शाळेचं पत्र आहे.

सोबत एक फॉर्म आहे. जर्मनमध्ये आहे, पाठीमागे मी मराठी करून लिहिलंय. तुमच्या टाचण वहीतलं एक पान आम्ही छापलं तर तुमची हरकत नाही, एवढंच त्यात म्हटलंय. सही, तारीख, बस. तिसरी ओळ सोडून द्या, तिथे मीच 'लागू नाही' लिहिलंय. इथे कुणाचा कागद असा उचलून छापता येत नाही, माणूस जिवंत असेल तर विचारावं लागतं. म्हणून विचारतेय. माझ्यावर असतं तर विचारलं नसतं.

मी काय काम करते हे आईने सांगितलं असेल किंवा नसेल. आमची संस्था इतिहास आणि नागरिकशास्त्राच्या शिक्षकांसाठी साहित्य तयार करते. जुने फोटो, पत्रं, वह्यांची पानं, आणि प्रत्येकावर प्रश्न. शिक्षक शनिवारी येतात आणि असा कागद वर्गात कसा वाचायचा ते शिकतात. फोर्टबिल्डुंग म्हणतात त्याला. तुमचं उन्हाळी प्रशिक्षण असायचं तसंच, फक्त मागच्या बाकावर कुणी पेपर वाचत नाही आणि जेवणात गुलाबजाम नसतो.

यंदाचा विषय आहे, गप्प बसलेले शिक्षक. बाकी सगळी पानं इथलीच आहेत. आमची प्रमुख यूटा म्हणाली, "एक तरी बाहेरचं पान हवं, नाहीतर आपल्या लोकांना वाटतं गप्प बसणं ही खास जर्मन कला आहे." मी म्हटलं, माझ्याकडे आहे. तीन वर्षांपूर्वी तुमच्या सहा वह्या माळ्यावरून आणल्या होत्या. तुम्हीच म्हणालात, ने, रद्दीत जाण्यापेक्षा.

पान कुठलं ते तुम्हाला माहीत आहे. तरी लिहिते, फॉर्मला वर्णन लागतं.

सोमवार, ११ फेब्रुवारी २००८. इयत्ता नववी ब, तास तिसरा. घटक: सामाजिक समस्या. उपघटक: बालविवाह, कायदा व शिक्षा. उद्दिष्ट: विद्यार्थी बालविवाहाचे दुष्परिणाम सांगतो. शैक्षणिक साहित्य: तक्ता, वृत्तपत्रातील कात्रण. गृहपाठ: दहा ओळी लिहा.

त्याच सोमवारी दुपारी साडेबाराला नववी ब मधल्या लतिकाचं लग्न लागलं. शाळेपासून चार किलोमीटरवर. ती चौदा वर्षांची होती आणि तुम्ही तिचे वर्गशिक्षक. तिसरा तास बारा वीसला सुरू व्हायचा. म्हणजे तिकडे अक्षता पडत होत्या तेव्हा तुम्ही इकडे फळ्यावर 'मुलीचे वय अठरा' लिहीत होतात. समोर तिचा बाक रिकामा.

मी नववी अ मध्ये, आणि त्या आठवड्यात कांजिण्या घेऊन घरी. त्यामुळे मी साक्षीदार नाही. वही साक्षीदार आहे.

गेल्या वर्षी जूनमध्ये फोनवर तुम्हाला विचारलं, त्या दिवशी वर्गात होतात ना? तुम्ही म्हणालात, "टाचणात काय लिहिलंय?" मी म्हटलं, शिकवलं असं लिहिलंय. "मग तेच," म्हणालात आणि फोन ठेवलात. पंधरा महिने झाले. माझे मेसेज तुम्ही वाचता, निळ्या खुणा दिसतात मला.

सही करा किंवा नका करू. पण काहीतरी करा.

ईप्सिता
नववी अ, हजेरी क्रमांक २३

बर्लिन, २९ सप्टेंबर

सर,

फॉर्म मिळाला. तुम्ही सही केलीत.

खरं सांगते, मला वाटलं होतं फाडून टाकाल. किंवा चार पानं लिहाल, मुद्दे क्रमांक घालून. मी त्या चार पानांना उत्तरंही तयार ठेवली होती. आणि पाकिटात नुसता फॉर्म. 'पानाचे वर्णन बरोबर आहे' या चौकोनात बरोबरची खूण. मी पाकीट उलटं करून झटकलं, काही नाही.

आईला फोन केला. म्हटलं, काही बोलले का?

"काय बोलायचेत. सही केली, पेनाला टोपण लावलं, जास्वंदीला पाणी घालायला गेले."

"अगं पण काहीतरी म्हणाले असतील."

"म्हणाले, तिचंच आहे ते, तिला हवं ते करू दे. आणि ईपू, तू आता त्यांना सर-बीर लिहू नकोस गं. पाकीट मी उघडलं तर मला वाटलं शाळेतून पेन्शनचं काही आलं."

तिचंच आहे ते. हा टोमणा मला बरोबर लागला. म्हणजे वही तुमची, दिवस तुमचा, मुलगी तुमच्या वर्गातली, आणि लचांड माझं.

तर आता छापणार. पान चारशे शाळांत जाईल. तुमचं नाव नाही, 'शिक्षक य.' असं आहे. खाली प्रश्न आहेत, मीच काढलेत. एक: या शिक्षकाला काय माहीत आहे? दोन: तो काय करत नाही? तीन: पानाच्या कोपऱ्यात फिकट गुलाबी डाग आहे, तो कशाचा असेल? उत्तर मागच्या पानावर उलटं छापायचंय. रंगीत खडू.

पहिला प्रयोग अठरा ऑक्टोबरला ड्रेस्डेनमध्ये, तिसेक शिक्षकांसमोर. त्यानंतरच्या सोमवारी छपाई.

ईप्सिता

ड्रेस्डेनहून परतीच्या गाडीत, १८ ऑक्टोबर

बाबा,

अक्षर वेडंवाकडं आलंय, समजून घ्या. गाडी हलतेय म्हणून असेल. नाही, गाडी उभी आहे, सिग्नल नाहीये.

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर मला लिहिताच येणार नाही.

सकाळी मी पानाची प्रत वाटली आणि मूळ वही मधल्या टेबलावर ठेवली. टाचण म्हणजे काय ते सांगितलं, की आमच्याकडे शिक्षक रोज काय शिकवणार ते आधी वहीत लिहून काढतो आणि मुख्याध्यापक सही करतात. मग लतिकाचं सांगितलं. एक दाढीवाला शिक्षक हळूच म्हणाला, "बीस्ट." पशू. तुम्हाला. आणि बाबा, मला बरं वाटलं. ते पण लिहिते, कारण ते खरं आहे.

फ्राउ क्रेट्शमार म्हणून एक बाई होत्या. सत्तरीच्या, रिटायर झाल्यात, तरी येतात. पूर्वी, बर्लिनची भिंत होती तेव्हा, इथेच नागरिकशास्त्र शिकवायच्या. बाकीचे भाषांतर वाचत होते तेव्हा या वही घेऊन खिडकीशी गेल्या. त्यांना देवनागरी म्हणजे भिंतीवरची नक्षी. पानं पुढे-मागे उलटत बसल्या.

मग म्हणाल्या, "हं, तर हे त्या दिवशी लिहिलेलं नाही."

मी म्हटलं, आधीच लिहितात, पाठाच्या आधी.

"तसं नाही. हे बघ. तीन आठवडे एकाच बैठकीत लिहिलेत. इथे पेन नवं आहे, इथे शाई कमी होत गेलीये, इथे संपली आणि दुसरं पेन घेतलंय. तेही ओळीच्या मध्यात. आणि हात दमलाय. ओळी खाली उतरायला लागल्यात." मग हसल्या. "तपासणी होती का? आम्ही वर्गाचं रजिस्टर असंच भरायचो, रविवारी, कॉफी पीत. मी न शिकवलेले कितीतरी तास त्यात शिकवलेत."

दाढीवाला म्हणाला, "म्हणजे त्याने शिकवलंच नाही?"

"ते मला काय माहीत. वही एवढंच सांगते की कुणीतरी वही भरली." मग त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पान अगदी नाकाजवळ नेलं. "आणि हे मोठ्या माणसाने नाही भरलेलं. प्रत्येक मथळ्याखाली पट्टीने रेघ मारलीये. दोनदा. असं फक्त बारा-चौदा वर्षांचं पोर करतं, ज्याला कामाचा अभिमान वाटतोय."

मी वही त्यांच्या हातातून जवळजवळ ओढून घेतली. गुलाबी डागावर बोट ठेवलं. तो डाग अंगठ्याचा आहे. माझा अंगठा त्याच्यापेक्षा थोडा मोठा झालाय, बाकी तोच.

तो खडू नाहीये. कॅलामाइन आहे. आई दिवसातून चार वेळा माझ्या अंगाला लावायची ते. गुलाबी, थंडगार, वाळल्यावर पापुद्रे सुटायचे.

मला खाज आठवली, बाबा. मला खाटेवर पाट ठेवून बसलेली मी आठवले. डावीकडे गेल्या वर्षीची वही, उजवीकडे कोरी. तुम्ही म्हणालात, "तपासणी आहे. उतरवून काढ, फक्त तारखा बदल." मी तुमच्यासारखं अक्षर काढायला सहावीपासून शिकले होते, तुमचा तो लांब शेपटीचा 'र' सुद्धा. मला इतका आनंद झाला होता की आई जेवायला बोलवत होती तरी मी उठले नाही.

मी माझ्याच अक्षराला तीन वर्षं पुरावा म्हणत होते.

मी त्या तीस जणांना सांगितलं, हे पान मी लिहिलंय. मला वाटतं त्यांना तो कार्यशाळेचा भाग वाटला. दोघांनी टाळ्या वाजवल्या.

बाहेर येऊन यूटाला फोन केला, पान काढ. ती म्हणाली, "पण सही आहे ना?" आहे. "मग?" मी म्हटलं, यूटा, मी चूक माणसाला पकडलंय. ती म्हणाली की आता पानांचे क्रमांक बदलता येणार नाहीत, ती जागा कोरी जाईल. जाऊ दे कोरी.

तिचंच आहे ते. टोमणा नव्हता तो. तुम्हाला माहीत होतं, आणि तरी सही केलीत. तरी गेल्या वर्षी जूनमध्ये "अगं, ते तू लिहिलंयस" एवढंसुद्धा म्हणाला नाहीत. का?

आणि मग अकरा फेब्रुवारीला तुम्ही कुठे होतात?

आज धनत्रयोदशी आहे, आता आठवलं. गाडी निघाली.

ईप्सिता

[आलेलं पत्र. रेघांच्या फुलस्केपवर, समास सोडून.]

४ नोव्हेंबर २०२५

चि. ईप्सिता,

तुझं पत्र दिवाळी झाल्यावर पोचलं. तू क्रमाने लिहिलंस, मीही तसंच लिहितो.

दहा तारखेला, रविवारी, लतिका पत्रिका घेऊन आपल्या दारात आली होती. तुझ्या आईने तिला आत घेतलं नाही, म्हणाली ईपूला कांजिण्या आहेत, लग्नाच्या मुलीला नकोत. ती उंबऱ्याबाहेर उभी राहून बोलली. "सर, उद्या या. आमचे वडील तुमचं ऐकतात." एवढंच. तू आतल्या खोलीत होतीस, दार उघडं होतं.

मी सोमवारी किरकोळ रजा टाकली. खिशात नव्या कायद्याचं कात्रण घेतलं. तक्त्याला लावायचं होतं तेच. ठरवलं होतं, मुलीच्या वडिलांना बाजूला घ्यायचं, नाही ऐकलं तर पोलीस पाटलाला गाठायचं. पोचलो तर पोलीस पाटीलच स्वागताला उभे. माझ्या खांद्यावर टॉवेल टाकला, डोक्यावर टोपी, हातात नारळ, पहिल्या रांगेत खुर्ची. वडील हात जोडून पुढे आले, म्हणाले, "सर आले, आता कार्याला शोभा आली." टोपी घातल्यावर माणसाला भांडता येत नाही, हे तुला तिकडे कळणार नाही.

मग निवेदकाने माइकवरून पुकारलं, "वधूचे वर्गशिक्षक आदरणीय यशवंत सर आशीर्वादपर दोन शब्द बोलतील." आणि माइक माझ्या हातात दिला.

ईप्सिता, माइक माझ्या हातात होता. समोर हजारभर माणसं. मी म्हणालो, "मुलगी हुशार आहे. सासरचं नाव काढील." टाळ्या झाल्या. ती मान वर करून माझ्याकडे बघत होती. नवरी मान वर करत नसते.

मी जेवूनसुद्धा आलो. पंगतीत बुंदी होती.

संध्याकाळी घरी आलो तर खाटेजवळ वही पूर्ण करून ठेवलेली. बघितली. गेल्या वर्षीच्या वहीत बालविवाहाचा पाठ डिसेंबरात होता. तू बाकी सगळे पाठ जसेच्या तसे उतरवलेस, हा एक उचललास आणि अकरा फेब्रुवारीला आणून ठेवलास. मला त्याच वेळी कळलं, हिने रविवारी ऐकलंय, आणि ही मला सांगतेय की उद्या काय करायचं ते. फक्त मी वही एक दिवस उशिरा उघडली.

ते पान मी फाडू शकलो असतो. फाडलं नाही. त्या वहीत तरी मी वर्गात होतो. मुख्याध्यापकांनी शनिवारी सही केली. रजेचं रजिस्टर आणि टाचण कुणी ताडून बघत नाही.

तू कधी विचारलं नाहीस, मीही विषय काढला नाही. सोळा वर्षांनी तू फोनवर विचारलंस, वर्गात होतात ना. मला वाटलं तुला सगळं आठवतंय आणि तू मला मुद्दाम उलटतपासणीला उभं करतेयस. म्हणून म्हणालो, टाचणात आहे तेच. तू विसरली असशील हे माझ्या मनातच आलं नाही. आता तुझं पत्र वाचून कळलं.

त्यानंतरच्या वर्षी मी तिच्या सासरी गेलो होतो. सतरा नंबरचा फॉर्म भरून नेला होता, बाहेरून दहावीला बसता येईल म्हणून. त्यांनी चहा दिला. फॉर्म अजून माझ्याकडे आहे.

सोबत पत्रिका जोडली आहे. 'प्रमुख उपस्थिती' खाली माझं नाव आहे. गप्प मी बसलो, फक्त तू म्हणतेस त्या जागी नाही. हे छाप. आणि 'य.' नको, पूर्ण नाव घाल.

तुझा,
बाबा

बर्लिन, २४ नोव्हेंबर

बाबा,

पत्र येऊन आठ दिवस झाले. पाच वेळा लिहायला बसले.

मला आठवत नाही. पाट, खाज, पेन, सगळं आठवतं. तो पाठ हलवल्याचं आठवत नाही. लतिकाचा आवाज आठवत नाही. आयुष्यात मी तिच्यासाठी जी एकच गोष्ट केली ती मी विसरले, आणि विसरल्यावर तीच गोष्ट पुरावा म्हणून तुमच्या अंगावर फेकली. मी शिक्षकांना शिकवते की कागदाला पहिला प्रश्न विचारायचा, तुला कुणी लिहिलं. पगार घेते त्याचा.

तुमच्यावर मी चिडलेय का? हो. सही केलीत, पान चारशे शाळांत जाऊ दिलं असतंत, खोटं आहे हे माहीत असताना. शिक्षा हवी होती तुम्हाला, आणि ती माझ्याकडून फुकट मिळत होती. आणि "सासरचं नाव काढील" हे मी रोज एकदा वाचते. त्याचं काय करू ते मला कळत नाही. आई म्हणाली, "त्यांना किती त्रास झालाय." मी म्हटलं, आई, लग्न त्यांचं नव्हतं.

पत्रिका छापायची म्हणून मी नवा फॉर्म काढला. तुमचं पूर्ण नाव घालून भरायला घेतला. पहिली ओळ, कागद कुणाचा. दुसरी, कागद कुणी लिहिला. तिसरी, कागदात उल्लेख असलेल्या व्यक्तीची संमती.

त्या ओळीत सप्टेंबरमध्ये मी काय लिहिलं होतं, आठवतंय तुम्हाला? लागू नाही.

माझ्या अक्षरात. यात वाद नाही, या वेळी मला आठवतंय. मी तीस शिक्षकांसमोर या विषयावर बोलले, तुम्ही सतरा वर्षं झोपला नाहीत, फ्राउ क्रेट्शमारांनी शाईसुद्धा तपासली, आणि एकानेही विचारलं नाही की तिला चालेल का. ती एकतीस वर्षांची असेल. मी आहे, म्हणजे तीही आहे. तिला मुलं असतील, कदाचित नववीत.

म्हणून काहीच छापत नाहीये. तुमचं नाव नाही, पत्रिका नाही. संचात एकोणिसावं पान कोरं गेलंय आणि शिक्षक फोन करून विचारतायत की छपाईची चूक आहे का. मी हो म्हणते.

दहा जानेवारीला येतेय. तिचं सासर तुम्ही बघितलंय, आपण दोघं जाऊ. सतरा नंबरचा फॉर्म बरोबर घ्या. जुना झालाय, चालणार नाही, तरी घ्या. तुम्ही माइकवर जे बोललात ते तोंडाने सांगायची तयारी ठेवा. मी वही आणते. ती काय सांगते ते आधी ऐकू, मग आपलं ताडून बघू. आणि तिला आपल्यापैकी कुणाचंच काही ऐकायचं नसेल, तर तेही ऐकू.

टॉवेल-टोपी देऊ लागले तर घेऊ नका. आत या म्हणाली नाही, तर उंबऱ्याबाहेर उभं राहू. आपल्या दारातून ती तशीच उभी राहून गेली होती.

तुमची,
ईपू